दोन जीबीचा फोन

ॲप वेगवान आहे की नाही, हे हैदराबादमधल्या माधापूरच्या ऑफिसात बसून ठरवू नये, असं माझं ठाम मत आहे. तिथे वायफाय जोरात असतं, सगळ्यांच्या हातात महागडे फोन असतात, आणि ज्यांच्यासाठी ॲप करायचं ती माणसं मात्र तिथे नसतात. म्हणून मी अबिड्सच्या जगदीश मार्केटमधून दोन जीबी रॅमचे जुने फोन आणतो आणि नवं काहीही लिहिलं की आधी त्यांवर चालवतो.

अशा फोनवर पहिल्यांदा उघडे पडतात ते फोटो. 4000 बाय 3000 पिक्सेलचा फोटो फाइल म्हणून चार-पाच एमबीचाच असतो. पण पडद्यावर दाखवण्यासाठी तो उलगडला की दर पिक्सेलला चार बाइट या हिशोबाने 48 एमबी मेमरी खातो. यादीत असे दहा फोटो आले, की बिचाऱ्या फोनला ॲप बंद करण्यावाचून गत्यंतर नसतं. तोच फोटो यादीतल्या चौकोनाच्या मापाने, 200 बाय 200 मध्ये उलगडला तर 160 केबीत भागतं. तीनशे पट फरक! कोडच्या चार ओळींत एवढं साधत असताना ते टाळणं मला अक्षम्य वाटतं.

फोटोंनंतर पाळी स्क्रोलची. अशा फोनचा पडदा सेकंदाला 60 वेळा नव्याने रंगतो, म्हणजे एका वेळेला हातात जेमतेम 16 मिलिसेकंद. तेवढ्यात पडदा सांभाळणाऱ्या मेन थ्रेडवर कुणी मोठी फाइल वाचत बसलं, की स्क्रोल अडखळतो.

पण खरी कसोटी नेटवर्कची. नांदेडला घरी जाताना देवगिरी एक्स्प्रेसने निजामाबाद सोडलं, की बासर, धर्माबादपर्यंत रेंज येत-जात राहते. अशा वेळी शेजारचे काका वीजबिल भरत असतील तर त्यांचा चेहरा पाहवत नाही. गोल चक्र फिरतंय, पैसे गेले की नाही कळत नाही, पुन्हा बटण दाबायची भीती. ही भीती घालवणं आमचं काम आहे. बटण दाबताक्षणी त्या व्यवहाराला ॲपने एक क्रमांक द्यावा आणि तो फोनमध्ये जपून ठेवावा. रेंज आली की त्याच क्रमांकाने पुन्हा विचारावं. सर्व्हरने तो ओळखला की काकांनी पाच वेळा बटण दाबलं तरी पैसे एकदाच जातात. आणि पडद्यावर सरळ लिहावं: ‘उत्तर अजून आलेलं नाही, पुन्हा दाबलंत तरी पैसे दोनदा कापले जाणार नाहीत.’ फिरत्या चक्रापेक्षा या एका वाक्याने माणसाचा जीव भांड्यात पडतो.

हैदराबादेत लिपीही सांभाळावी लागते. तेलुगूचे ओत्तू, म्हणजे जोडाक्षरातली दुसरी व्यंजनं, अक्षराखाली लोंबतात. इंग्रजीच्या मापाने बटणाची उंची बांधून टाकली की ते कापले जातात. आपल्या ‘ट्रू’चंही तेच होतं. त्यामुळे उंचीचा आकडा मी कधीच ठरवून टाकत नाही, अक्षरांना लागेल तशी ती वाढू देतो. उर्दू निवडली की सगळी मांडणी उजवीकडून सुरू होते, मागे जाण्याचा बाणही उलटतो, पण फोन नंबर मात्र डावीकडूनच वाचायचा असतो. हे नीट जमलंय का ते पाहायला मी चारमिनारजवळच्या ओळखीच्या एका दुकानदाराच्या हाती फोन देतो. काहीही समजावून सांगत नाही. त्यांचा अंगठा कुठे थबकतो, तेवढं टिपून घेतो.