घाटातील दक्षिणा

नाताळची सुट्टी संपता संपता आम्ही वसईकडची तेरा माणसे नाणेघाट पाहण्यास निघालो. बरोबर काही शाळकरी मुले होती, दोन निवृत्त शिक्षक होते. या घाटाशी आमच्या भागाचे जुने नाते आहे. सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल कल्याणमार्गे याच वाटेने जुन्नरला चढे आणि पुढे पैठणला जाई. आपल्या दारातून गेलेली ती वाट एकदा पायांखाली घालावी, एवढीच इच्छा होती.

घाटमाथ्यावरील घाटघर गावात वाट दाखविण्यास एक वयस्कर महादेव कोळी गृहस्थ मिळाले. हिरडा गोळा करण्याचा हंगाम अजून यावयाचा होता. तोवर आल्यागेल्यास घाट आणि लेणी दाखवावीत, हा त्यांचा उद्योग. त्यांनी दिवसाचे सहाशे रुपये सांगितले. आम्ही ते चारशेवर आणले. "वाट तर समोरच दिसते आहे, बाबा," असे आमच्यापैकी एकाने म्हटले आणि आम्ही सारे हसलो. बाबा काही बोलले नाहीत. काठी उचलून पुढे झाले.

माथ्यावर दगडाचा मोठा रांजण आहे; जकातीची नाणी त्यात पडत, असे लोक सांगतात. तेथून कड्यातील अरुंद नाळेत उतरू लागलो, तेव्हा समोर दिसणारी वाट आपली नसते हे उमगले. कोणता दगड हलतो, कोठे बसून उतरावे, हे बाबाच सांगत होते. कड्याला आग्या मोहोळ होते, तेथे त्यांनी नुसत्या बोटाच्या खुणेने आम्हांस गप्प केले.

नाळेच्या तोंडाशीच गुहा आहे. तिच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील मानला जाणारा. १८२८ साली विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने तो विद्वानांच्या नजरेस आणला. घाटघरच्या माणसांना मात्र ती जागा कधी हरवलेली नव्हती. मागील भिंतीवर सिमुक सातवाहन, सातकर्णी, नागनिका, राजपुत्र अशा आठ जणांच्या प्रतिमा होत्या. आज पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली काही नावे तेवढी उरली आहेत.

आमच्यातील एका मुलाने खडा उचलून भिंतीवर आपले नाव ओढावयास घेतले. बाबांनी त्याचा हात हलकेच धरला. "पोरा, तिथं आधीच नावं हायेत," ते म्हणाले. मग त्या रिकाम्या भिंतीकडे पाहत त्यांनी आपल्या आजोळची गोष्ट सांगितली. ते गाव आंबेगाव तालुक्यातले, डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलेले. ज्याच्यावरून तालुक्याला नाव पडले ते जुने आंबेगावही त्याच पाण्यात आहे. माणसे उठली, घरे बुडाली, तालुक्याच्या पाटीवर नाव राहिले.

मग आमच्या शिक्षकांनी बरोबर आणलेले टिपण मोठ्याने वाचले. राणीने यज्ञांत दिलेल्या दक्षिणेची ती यादी : एके ठिकाणी १७०० गाई आणि १० हत्ती, दुसरीकडे २४,४०० कार्षापण. बाबा लक्ष देऊन ऐकत होते. वाचन संपल्यावर त्यांनी विचारले, "गुरुजी, ज्यांनी ह्यो दगड फोडला, त्यांना काय दिलं, ते लिवलंय का?"

तसे काही लिहिलेले नव्हते. कोणीच उत्तर दिले नाही. त्या थोर यादीखाली उभे असताना आम्हांस आमचे दोनशे रुपये आठवले.

सायंकाळी घाटघरला परतल्यावर आम्ही त्यांच्या हाती सहाशे रुपये ठेवले. त्यांनी मोजून खिशात घातले. उपकार मानले नाहीत; मानण्याचे कारणही नव्हते.

दुसऱ्या दिवशी लेण्याद्रीला गेलो. तेथील चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताचे दान आहे, असे त्यावरील लेख सांगतो. त्या डोंगरातील भिंतींवर छिन्नीचे घाव अजून दिसतात. ते कोणाच्या हातचे, हे कोठेच लिहिलेले नाही. आदल्या दिवशीचा प्रश्न मनात नसता, तर ते घाव आमच्या दृष्टीस पडले असते की नाही, कोण जाणे!

२०१८ साली शासनाने जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून घोषित केला, हे चांगलेच झाले. पण वाट दाखविणाऱ्याच्या कष्टांचे मोल घोषणेने ठरत नाही. ते येणाऱ्याच्या मनावर राहते. वाचकहो, आपण तिकडे जाल तर गावातला माणूस बरोबर घ्या. तो जे मागेल ते घासाघीस न करता द्या. आणि पायऱ्या उतरताना तो गप्प झाला, तर आपले काही चुकले का, हे स्वतःस विचारून पाहा. आम्ही विचारले, पण घाट उतरून चढल्यावर.