नदीच्या पूर्वेला

चेस्टरच्या धक्क्यावर गाड्यांची छोटी रांग होती. अमेरिकेतल्या कनेक्टिकट नदीवर इथून पलीकडच्या हॅडलाइमपर्यंत १७६९ पासून होडी चालते. आता ती मोटारी वाहून नेणारी फेरीबोट आहे आणि पाचेक मिनिटांत पैलतीरी लावते. समोरच्या टेकडीवर विल्यम जिलेटचं दगडी घर दिसत होतं. रंगभूमीवर शेरलॉक होम्स गाजवलेल्या या नटाने ते १९१४ ते १९१९ या काळात उभारलं. मावसबहीण गाडीतून उतरून कठड्याशी आली आणि म्हणाली, "दादा, आजार होता तो त्या काठाला. या काठाला जवळजवळ नव्हताच."

मला इथे यायचं होतं ते याच कारणासाठी. सत्तरच्या दशकात येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी नकाशावर लाइम या आजाराचे रुग्ण मांडले, तेव्हा नदीच्या पूर्वेकडचं प्रमाण पश्चिमेच्या तुलनेत सुमारे तीसपट निघालं. तो पसरवणाऱ्या गोचिडीही पूर्वेलाच फार जास्त सापडत होत्या. हवा तीच, पाणी तेच, माणसंही तशीच. मध्ये फक्त ही नदी.

हॅडलाइमला उतरल्यावर रस्ता रानात शिरतो. जूनमध्ये इथे माउंटन लॉरेलला पांढऱ्या-गुलाबी फुलांचे घोस लागतात. झाडीतून मैलोन्‌मैल दगडी गडगे धावतात. गर्द रानात कुंपण कशाला, असा प्रश्न मला पडला. त्याचं उत्तर म्हणजे या आजाराची अर्धी कहाणीच आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इथलं रान तोडून शेती झाली; मग शेतकरी पश्चिमेच्या सुपीक जमिनींकडे आणि गिरण्यांकडे गेले, शेतं ओस पडली आणि रान परत आलं. रानाबरोबर हरणं आली. रानाच्या कडेने घरं झाली. पांढऱ्या पायांचा उंदीर आजाराचा जंतू अंगात बाळगतो, गोचिडीचं पिल्लू त्याचं रक्त पिऊन जंतू घेतं, आणि मोठ्या गोचिडी हरणांवर पोसून वाढतात. माणसाला बहुतेकदा चावते ती मधल्या वयाची, खसखशीच्या दाण्याएवढी गोचीड. तिचे दिवस मे ते जुलै.

भाचा पुढे चालत होता, पायवाटेच्या बरोबर मधून, पँट मोज्यात खोचून. मला म्हणाला, "मामा, गवताला पाय लावू नकोस." दोन वर्षांपूर्वी अशाच एका जूनमध्ये तो सकाळी उठला तेव्हा त्याचा डावा डोळा आणि गाल सुजलेला होता. परागकणांची ॲलर्जी, असं सगळ्यांनी धरलं. औषधही तेच सुरू झालं. सूज हटेना, अंगात कणकण, मान आखडलेली. दुसऱ्या डॉक्टरांनी डोळ्याकडे पाहता पाहता विचारलं, "मागच्या महिन्यात कुठे कुठे गेला होतास?" मग कपडे काढून तपासलं, तर गुडघ्यामागे तळहाताएवढा लाल चट्टा. तो दुखत नव्हता, खाजतही नव्हता, म्हणून कुणाला कळलाच नव्हता. त्या चट्ट्यावरूनच लाइमचं निदान झालं. सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तातली प्रतिपिंडं पुरेशी तयार झालेली नसतात आणि चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून असा चट्टा दिसला की अहवालासाठी थांबत नाहीत. डॉक्सिसायक्लिनने तो पूर्ण बरा झाला.

चेहरा सुजला म्हणजे लाइम, असं मात्र मी कुणाला वाटू देणार नाही. नुसती सूज असेल तर दात, सायनस, ॲलर्जी, मूत्रपिंड यांची शक्यता कितीतरी अधिक. ओठ-जीभ सुजून श्वास लागत असेल तर लगेच दवाखाना गाठायचा. लाइममध्ये डोळ्यांभोवती सूज येते, पण क्वचित. जास्त दिसतो तो चेहऱ्याच्या मज्जातंतूचा लकवा: एक बाजू ओघळते, डोळा मिटत नाही, आणि वाकड्या झालेल्या चेहऱ्याला घरची माणसं 'सुजलाय' म्हणतात. युरोपात मुलांच्या कानाच्या पाळीवर निळसर-लाल फुगवटाही येतो. म्हणून सुजेचं कारण सापडत नसेल, तर रानात कधी गेला होता, ताप आला का, अंगावर चट्टा उठला का, हे विचारलंच पाहिजे.

मी सावंतवाडीचा. आमच्या शेजारच्या दोडामार्गात २०१६ पासून गोचिडींमुळे पसरणाऱ्या माकडतापाने माणसं दगावली. तो आजार विषाणूचा, गोचीडही वेगळी. पण काजूच्या बागेतून आलेल्या तापकऱ्याला 'कुठे होतास' हे विचारण्याची किंमत आम्हाला ठाऊक आहे.

दुपारी लाइम गावातून गेलो. पॉली मरे इथल्याच. त्यांना आणि त्यांच्या मुलांना वर्षानुवर्षं चट्टे, ताप, सुजलेले सांधे यांनी छळलं. काही डॉक्टरांना हे मनाचे खेळ वाटले. या गृहिणीने हार न मानता प्रत्येक लक्षण तारखेनिशी टिपून ठेवलं, आजूबाजूच्या घरांत चौकशी केली आणि १९७५ मध्ये ते सगळं घेऊन त्या येलच्या ॲलन स्टीअर यांच्यापुढे बसल्या. दुसऱ्या एका आईनेही राज्याच्या आरोग्य खात्याला कळवलं होतं. स्टीअर यांनी १९७७ मध्ये ५१ रुग्णांची हकिकत छापली. त्यांतली ३९ मुलं होती. शास्त्रज्ञ विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीत जंतू सापडला तो त्यानंतर, आणि १९८२ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. जंतूला नाव बर्गडॉर्फर यांचं मिळालं, आजाराला गावाचं. मरेबाईंचं नाव दोन्हींपैकी कशालाच नाही, आणि मला ते फार खटकतं. सुरुवात त्यांच्या वहीने केली होती.

  

परतताना बहीण म्हणाली, "रात्री अंघोळीच्या वेळी काखा, कानांच्या मागे, केसांच्या कडा, गुडघ्यामागे सगळं बघ. कपडे ड्रायरमध्ये टाक. गोचीड सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. तेल-बिल लावत बसू नको."

"आणि तिकडे गेल्यावर?"

"महिनाभर लक्ष ठेव. ताप आला, चट्टा उठला, चेहरा सुजला, तर डॉक्टरांना आधी या गावाचं नाव सांग. सावंतवाडीत ते आपणहून कुणाच्या डोक्यात येणार नाही."