बिल्ले गेले, लेकरं आली

1977 ची निवडणूक आम्हा पोरांना आठवते ती बिल्ल्यांमुळं. भोंगा लावलेली जीप गावात शिरली की धुरळा खात तिच्यामागं पळायचं, बिल्ला हातात पडेपर्यंत. पुठ्ठ्याचा गोल तुकडा, मागं टाचणी. एकाच सदऱ्यावर काँग्रेसचं गाय-वासरू, जनता पक्षाचा नांगरधारी शेतकरी आणि जागा उरली तर शेकापचा खटारासुद्धा. पक्षनिष्ठा वगैरे भानगड नव्हती. पत्रकांची मागची बाजू कोरी असायची, त्यावर गणितं सोडवायची. घोषणा देऊन घसा बसला की मूठभर चुरमुरे मिळायचे.

म्हणजे पोरं तेव्हाही राबवली जात होती, फुकटात. त्याला सोनेरी वर्ख लावण्यात अर्थ नाही. पण आम्ही गोंगाटापुरते होतो, मुद्द्यात नव्हतो. पारावरच्या भाषणात उसाचा भाव, पाणी, बहात्तरच्या दुष्काळातली कामं. मूल आलंच तर शाळेच्या खोल्यांच्या हिशेबात. गाय-वासराची निशाणी भावनेला हात घालायची खरी, तरी आमच्या गळ्याची शपथ घेऊन मत मागायला कुणी आलं नाही.

आता बिल्ले गेले. मुंबई उच्च न्यायालयानं 2014 मध्येच प्रचारात मुलं नकोत, असं बजावलं. 5 फेब्रुवारी 2024 ला निवडणूक आयोगानं पत्रकं वाटण्यापासून घोषणांपर्यंत मुलांच्या सगळ्या वापरावर बंदीचं फर्मान काढलं. त्यानंतर आठवडा झाला नाही तोच हिंगोली जिल्ह्यातल्या शाळेत आमदार संतोष बांगर मुलांना सांगत होते, आईबाप मला मत देणार नसतील तर दोन दिवस जेवू नका. वर, ‘कुणाला मत द्यायचं?’ हेही पोरांकडून वदवून घेतलं. आम्हाला निदान चुरमुरे मिळत होते! आणि त्याच वर्षी सरकारी मोहिमेत शाळाशाळांतून मुलांच्या हाती संकल्पपत्रं दिली गेली: आईबाबा, मतदान करा, सही करा. हेतू चांगला, कुणा पक्षाचं नाव नाही. पण लेकराच्या तोंडून बोललं की मोठ्यांना नाही म्हणता येत नाही, ही युक्ती दोन्हीकडं एकच.

आमच्या भागात लेकरांच्या नावानं बोलण्याचा हा विषय हसण्यावारी नेता येत नाही. भीमेच्या काठानं, इकडं शिरूर आणि पलीकडं दौंड, उसाचं रान माजलं आणि बिबट्या त्यातच विऊ लागला. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये मांडवगणात त्यानं एका चिमुरड्याचा जीव घेतला. पुढच्याच महिन्यात विधानसभेचं मतदान होतं. पुढच्या वर्षी शिरूर तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, पिंपरखेड-जांबूत पट्ट्यात, तीन आठवड्यांत तिघं गेली. त्यात दोन मुलं. लोकांनी वनखात्याची गाडी पेटवली, मंचरला पुणे-नाशिक रस्ता अडवला. तिथं बायाबापड्या लेकरांचं नाव घेऊन ओरडत होत्या, त्याला मी भावनिक राजकारण म्हणणार नाही. ज्याचं गेलं, त्यानं दुसरं काय बोलायचं? खटकतं ते पुढचं. माईक हातात आला की ‘उद्या तुमच्या लेकराला उचललं तर?’ एवढ्यावर भाषण संपतं. बिबट्या मारा म्हणणाऱ्याचंही तेच वाक्य, सत्ताधाऱ्याला झोडपणाऱ्याचंही तेच. त्यापुढं प्रश्न विचारणारा माणूस दगडाच्या काळजाचा ठरतो.

प्रश्न मात्र साधे आहेत. शेतीला दिवसा वीज द्या, म्हणजे रात्री दारं धरायला जावं लागणार नाही आणि घरी आई आणि पोरं एकटी राहणार नाहीत. रानातल्या वस्तीला तारेचं कुंपण, शाळेच्या वाटेवर दिवे, मागितल्या दिवशी पिंजरा. यातल्या प्रत्येकाला तारीख लागते, पैसा लागतो, सही लागते. उसाच्या भावावर पारावर भांडणारी जुनी माणसं वक्त्याला आकडा सांगितल्याशिवाय खाली उतरू द्यायची नाहीत. परवा एका सभेत मागून कुणीतरी विचारलं, “साहेब, लेकरांचं कळलं. थ्री फेज दिवसा कधी?” साहेबांनी घड्याळ बघितलं, पुढच्या गावची सभा होती.