चार तारांवर

बंद पडलेल्या वस्तूचे एक बरे असते. तिची दखल सगळे घर घेते. घड्याळ थांबले की संध्याकाळच्या आत ते दुकानात जाते. नळ कोरडा पडला की आळीभर चौकशी होते. पण वस्तू नुसती मंदावली, तर तिच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. आपणच आपली चाल तिच्या चालीला जुळवून घेतो आणि वर म्हणतो, 'जुनी झाली हो आता!'

आमच्या घरातल्या संगणकांचे असेच चालले होते. पंचवटीतले आमचे घर जुन्या वळणाचे. भिंती हातभर जाडीच्या. खाली माजघरात राउटर आणि त्याला जोडलेली, घरातला सगळा ठेवा सांभाळणारी एक पेटी. गेल्या पाच वर्षांतले सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्यांचे आणि गोष्टींचे व्हिडिओ तिच्यात आहेत; सुमारे २०० गिगाबाइट भरतील एवढे. कन्या दिवाळीला आली ती हा ठेवा बरोबर न्यायचाच असे ठरवून. भाऊबीजेच्या संध्याकाळी माडीवर बसून तिने तो लॅपटॉपवर कॉपी करायला घेतला, तो पडद्यावर उत्तर आले : १८ तास! आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिकरोडहून तिची पंचवटी एक्स्प्रेस.

मग आमच्याकडे आरोपी शोधण्याचा कार्यक्रम झाला. यजमान म्हणाले, इंटरनेटचा मोठा प्लॅन घ्या. चिरंजीवांनी पेटीलाच म्हातारी ठरवले. कन्येने मात्र कोणालाच दोष दिला नाही. ती एकेक दुवा वेगळा काढून मोजू लागली. मी पडले शिक्षिका. मला तिची रीत आवडली. उत्तर चुकले म्हणजे कोणती पायरी चुकली ते पाहावे, सगळी वही फाडू नये.

पहिली पायरी यजमानांची. घरातल्या घरात फाइल हलते तेव्हा ती बाहेरच्या इंटरनेटवर जातच नाही. माजघरातला फराळाचा डबा ओसरीवर न्यायला कोणी नाशिकरोडला वळसा घालीत नाही. तेव्हा मोठ्या प्लॅनने काहीच साधले नसते.

दुसरा दुवा बिनतारी. घरोघरच्या वायफायच्या लहरी मुख्यतः दोन जातींच्या. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून बऱ्या जातात, पण संथ; शिवाय त्याच वाटेवर शेजाऱ्यांच्या वायफायची आणि मायक्रोवेव्हचीही गर्दी. ५ गिगाहर्ट्झच्या चपळ, पण जाड भिंतीपुढे त्यांचा दम सुटतो. माडीवर पोचत होत्या त्या संथच. कन्येने लॅपटॉप माजघरात आणला आणि राउटरला तारेने जोडला. १८ तासांचे ५ झाले! आम्ही सगळे खूश. ती मात्र पडद्याकडे पाहत म्हणाली, "सेकंदाला ११ मेगाबाइट? हा आकडा ओळखीचा आहे."

तारेचा वेग बिटांत सांगतात आणि फाइलचे माप बाइटांत. ८ बिटांचा एक बाइट. १०० मेगाबिट म्हणजे साडेबारा मेगाबाइट, आणि वाटखर्च वजा जाता हाती उरतात ते ११च्या आसपास. पण आमची यंत्रे तर १००० मेगाबिटची! त्या तारेच्या पोटात बारीक बारीक ८ तारा असतात, दोन-दोनच्या ४ जोड्या. १०००च्या वेगाला चारही जोड्या लागतात. १००ला दोनच पुरतात. एखादी तार तुटली तर यंत्रे बहुधा तक्रार करीत नाहीत. दोन्ही टोके आपसांत समजूत करून १००वर उतरतात आणि काम मुकाट्याने चालू ठेवतात. आमची तार फडताळाच्या पायाखाली चेंगरली होती. कन्येने दुसरी तार लावली. अर्ध्या तासात सगळ्या ओव्या लॅपटॉपवर!

सासूबाई झोपाळ्यावरून हे सारे पाहत होत्या. त्यांनी विचारले, "मग इतके दिवस ती तार काही बोलली का नाही ग?"

"आजी, चार तारांवर तिचं भागत होतं ना!"

"भागतं खरं," त्या म्हणाल्या. "माझा डावा कान श्रावणापासून बंद आहे. उजव्यावर भागतंय."

माजघर एकदम शांत झाले. हल्ली त्या बोलणाराच्या तोंडाकडे टक लावून का पाहतात, प्रत्येक गोष्टीला नुसते हसून मान का डोलावतात, ते सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आले. 'वय झाले' म्हणून आम्ही सगळे त्यांच्या चालीने चालत होतो.

त्या सकाळी पंचवटी एक्स्प्रेस कन्येवाचून गेली. आम्ही तिघी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन बसलो. त्यांनी एकेक कान वेगळा तपासला. इथेही रीत तीच. डाव्या कानाला यंत्र बसवायचे ठरले. सासूबाईंनी शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "त्याला तारा किती?"