पोर्टोबेलो रोडवरील तांबडा गोळा

लंडनांतील पोर्टोबेलो रोडवर शनिवारीं जुन्या वस्तूंचा मोठा बाजार भरतो. चांदीच्या चमच्यांचें वर्णन करून वाचकांस कंटाळा आणीत नाहीं. मी गेलों होतों तो खिशांत आजोबांचा फौजी बिल्ला घेऊन. तो बाजारी असावा, अशी शंका चुलतभावानें काढली होती. आजोबा डॉक्टर. १९४१ सालीं एरिट्रियांतील केरेनच्या लढाईंत ते ५ व्या हिंदी डिव्हिजनबरोबर होते. काळ्या जमिनीवर तांबडा गोळा ही तिची खूण. मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटणही तेथें तिच्यांतच लढली.

एका दुकानदाराच्या पेटींत असे सहा बिल्ले होते, आणि सहांच्या छटा सहा! गोळा कोठें रक्तासारखा, कोठें विटकरी. जमीन कोठें काळी, कोठें गर्द निळी. युद्धकाळीं ठिकठिकाणचे शिंपी मिळेल त्या कापडाचे बिल्ले करीत, त्याचा हा परिणाम.

त्यानें आमचा बिल्ला अतिनील दिव्याखालीं धरला. तो निळसर चकाकला. "हा नवा माल," तो म्हणाला. त्या काळच्या सुती कापडांत अशी चकाकी नसते. मला क्षणभर बोलवेना. मग आठवलें : आई दर दिवाळीस तो कोट बिल्ल्यासकट धुण्याच्या पावडरीनें धुवी, आणि ती चकाकी पावडरींतूनही कापडांत उतरते! मीं बिल्ला उलटा केला. उन्हानें पुढची बाजू तपकिरी झालेली. मागें मात्र काळा रंग जसाच्या तसा. त्यानें भिंगानें टांके पाहिले आणि मुकाट्यानें किंमत सांगितली. मी बिल्ला रुमालांत गुंडाळून निघालों.