वजनाची नोंद

तुरुंगाच्या नोकरीत खुनाच्या कैद्यांची भीती फार लवकर जाते. बाहेरच्यांना हे पटत नाही. पाकीटमार, गर्दुल्ले, सराईत चोर यांचाच डोक्याला ताप; तीनशे दोनचा जन्मठेपवाला दोन-तीन वर्षांत शांत होतो, कामाला लागतो. आमच्याकडचा न्हावी असाच, बायकोच्या खुनात आलेला. रोज सकाळी तो अधिकाऱ्यांच्या गळ्यावर वस्तरा फिरवायचा आणि आम्ही डोळे मिटून बदल्यांच्या गप्पा मारायचो. औंध संस्थानाने 1939 साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत वसवली ती याच भरवशावर. व्ही. शांतारामांचा 'दो आँखें बारह हाथ' त्यावरूनच निघाला.

फाशी यार्डातला माणूसही बहुधा तीनशे दोनचाच. 'दुर्मिळातील दुर्मीळ' ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाने 1980 साली बचनसिंगच्या खटल्यात घालून दिली. ती कुणाला लागू पडेल नि कुणाला नाही, याचा अंदाज आमच्यातल्या मुरलेल्या जेलरांनाही कधी बांधता आला नाही.

त्या यार्डात एक पंचविशीचा पोरगा होता. मोठ्या आजारातून उठला होता. कंपाउंडर काटा घेऊन आला तेव्हा चपला काढून वर चढला, वाकून आकडा पाहिला आणि खुशीत म्हणाला, "साहेब, तीन किलो भरलो!" मीही "वा!" म्हणून गेलो. वजन त्याच्या हिस्टरी टिकिटावर चढलं.

ते घेतलं तब्येतीसाठी. पण फाशीची तारीख पडली की पुन्हा वजन होतं, आणि तो आकडा दोराच्या हिशेबात जातो. माणूस जड असेल तर खाली पडण्याचं अंतर कमी, हलका असेल तर जास्त. दोर तपासायला कैद्याच्या दीडपट वजनाची वाळूची गोणी टांगून सोडायची. सगळं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे. त्याला दूध-अंडी लावून देणारा डॉक्टर, त्याने चादरीचा गळफास करू नये म्हणून रात्रभर गजांतून डोकावणारा शिपाई आणि खटका ओढताना हजर राहणारा अधीक्षक, सगळे एकाच आस्थापनेवरचे. त्या पोराची फाशी पुढे जन्मठेप झाली. नसती झाली, तर ते तीन किलोही हिशेबात आलेच असते.

इंग्लंडचा फाशीवाला आल्बर्ट पिअरपॉइंट एरवी पब चालवायचा. जेम्स कॉर्बिट हे तिथलं नेहमीचं गिऱ्हाईक. दोघं मिळून गाणी म्हणत. 1950 साली त्याच कॉर्बिटला मँचेस्टरच्या तुरुंगात लटकवायची पाळी पिअरपॉइंटवर आली. पुढे आत्मचरित्रात त्याने लिहिलं की फाशीने सूड तेवढा उगवतो, बाकी काही साधत नाही. मिसिसिपीतल्या पार्चमन तुरुंगाचे वॉर्डन डोनाल्ड कबाना यांना 1987 साली दोघांना विषारी वायू द्यावा लागला. त्यांतल्या कॉनी रे इव्हान्सशी त्यांचा जीव जडला होता. नंतर ते शिकवायला लागले आणि फाशीविरुद्ध बोलत राहिले. ही मंडळी हळवी नव्हती. खून करणारा आणि कोठडीतून बाहेर काढलेला, या दोघांमध्ये गेलेली वर्षं त्यांनी पाहिली होती. ती वर्षं ना न्यायाधीश पाहतात, ना पेपरवाले.

हे सगळं मी कोल्हापूरच्या खटल्यातल्या त्या पळवून मारलेल्या लेकरांच्या आयांसमोर बोलू शकेन का? नाही. पण त्या खुनांत दोषी ठरलेल्या रेणुका शिंदे आणि सीमा गावित या बहिणींना 1996 साली अटक, 2006 साली सर्वोच्च न्यायालयात फाशी कायम, 2014 साली दयेचा अर्ज नामंजूर, आणि 2022 साली उच्च न्यायालयाने त्याच फाशीची जन्मठेप केली. कारण काय, तर दयेच्या अर्जावर निर्णय व्हायला जवळजवळ आठ वर्षं लागली. एवढा काळ आयांनीही काढलाच. फाईल कुणाच्या टेबलावर अडली, याचा जाब त्यांनी कुणाला विचारायचा?

2022 च्याच मे महिन्यात 'मनोज विरुद्ध मध्य प्रदेश' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फाशी ठरवण्याआधी आरोपीच्या तुरुंगातल्या वागणुकीचा अहवाल मागवा. म्हणजे अखेर आम्हांला विचारायचं ठरलं. बरं वाटलं, आणि धास्तीही वाटली. वर्तनाच्या रकान्यात आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एकच शब्द पडत आलाय: 'समाधानकारक'. न्हाव्यालाही तोच, त्या पोरालाही तोच. संध्याकाळच्या गिनतीच्या घाईत कारकून लिहितो नि जेलर न वाचता सही करतो.