अ‍ॅव्हरेज किती देते?

जुनी गाडी दारात उभी असली की लोक दोनच प्रश्न विचारतात. 'अ‍ॅव्हरेज किती देते?' आणि 'अजून काढली नाहीत?'

आमची इंडिगो मरीना, २००६ सालची, डिझेल. टाटांनी २००४ मध्ये आणलेली स्टेशन वॅगन. आपल्याकडे हा प्रकार फारसा चाललाच नाही. १९९२ ची टाटा इस्टेट काय किंवा मारुतीची बलेनो अल्तुरा काय, आल्या तशा गेल्या.

टाकी फुल ते टाकी फुल मोजलं तर नेरुळ-वाशीच्या सिग्नलांत ती बारा देते, एक्स्प्रेस वेवर सोळा. सरासरी चौदा धरू. नवी गाडी वीस देईल. वर्षाला ६,००० किलोमीटरला आमची ४२९ लिटर पिते, नवी ३०० पिईल. वाचले १२९ लिटर. नव्वदच्या भावाने साडेअकरा हजार रुपये. आणि नवी गाडी बारा लाखांची! म्हणजे वसुलीला शंभर वर्षं!

मग प्रश्न मिटला? नाही ना. धुराचं काय? आमच्या गाडीच्या काळातल्या भारत स्टेज ३ मध्ये डिझेल कारला किलोमीटरमागे ५० मिलिग्रॅम काजळीची मुभा होती. २०२० पासूनच्या स्टेज ६ मध्ये साडेचार. हा फरक माझ्या खिशाला कळत नाही, मागच्या स्कूटरवाल्याच्या छातीला कळतो.

दुसरीकडे आईची व्हीलचेअर. मरीनाचं मागचं दार उचललं की खुर्ची घडी करून सरळ आत जाते. छोट्या गाडीत त्यासाठी मागची सीट पाडावी लागते, मग आई बसणार कुठे? हल्लीच्या उंच गाड्यांत खुर्ची मावते, पण आईला चढता येत नाही.

२०२१ मध्ये पंधरा वर्षं भरली तेव्हा पर्यावरण कर भरून पाच वर्षांची मुदत घेतली होती. ती २०२६ ची. त्यामुळे घरात पुन्हा तीच चर्चा.

आमचं ठरलंय ते असं. आई बरोबर असेल तरच गाडी, बाकी हार्बर लोकल. मग वर्षाला २,००० किलोमीटर होतात आणि २८६ लिटर वाचतात. नव्या गाडीने वाचले असते त्याच्या दुपटीहून जास्त. काजळी तिसऱ्या हिश्श्यावर येते. संपत नाही, हेही खरं. नव्या गाडीने ती याहूनही कमी झाली असती.

असो. आईचं फिरणं आहे तोवर तेवढी माझ्या नावावर राहील.